दर पंधरा दिवसांनी टँकमधली झाडं बसतात? खत घेण्याआधी दगड तपासा

दीड-दोन फुटांचा माशांचा टँक, हौसेने आणलेली झाडं आणि मधोमध उभा केलेला देखणा दगड. पहिले पंधरा दिवस येणारा-जाणारा फोटो काढतो. मग झाडं बसायला लागतात, म्हणजे माना टाकतात. पाणी बदललं की चार दिवस तरतरी येते, पुन्हा तेच. मग खताची बाटली येते, मागोमाग जास्त वॉटचा लाइट, शेवटी सीओटूचा, म्हणजे पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा सेट. टँकला लागले त्याहून जास्त पैसे दुरुस्तीला जातात, आणि झाडं आपली पिवळीच.

बिल्डिंगीत, नात्यात, मुलाच्या मित्रांकडे मी हे दुखणं इतक्यांदा निस्तरलंय, की कोणी "ताई, झाडं पिवळी पडतायत" म्हणालं की खताचं नाव न काढता मी आधी विचारते, "दगड कुठला टाकलायस?"

माझा स्वतःचा पहिला टँक असाच बसला होता. विक्रोळीच्या घरी किचनचा ओटा बदलला, तेव्हा मिस्त्रीने कडप्प्याचे उरलेले तुकडे गॅलरीत रचून ठेवले होते. काळेभोर, धारदार आणि फुकट. मी ते एकावर एक लावून चांगला कोकणकडा उभा केला. त्यानंतर तीन महिने खतं ओतत बसले. कडप्पा ही काळी चुनखडी आहे, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

लक्षणं

सगळी एकदम दिसतील असं नाही. यातली तीन जरी जुळली तरी पुढे वाचा.

नवीन पानं फिकट, जवळजवळ पिवळट येतात, पण शिरा हिरव्या राहतात. जुनी पानं त्या मानाने बरी असतात. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांच्या पानांवर बोट फिरवलं तर खरखरीत लागतं, पांढरी साय धरल्यासारखं. काचेवर पाण्याच्या रेषेशी पांढरा पट्टा येतो, तो नखाने निघत नाही पण व्हिनेगरच्या फडक्याने निघतो. फिल्टरच्या तोंडाशीही तसाच थर. पाणी स्वच्छ असतं, वास नसतो, मासे बहुधा ठीक असतात. म्हणून तर संशय दगडावर जात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे पाणी बदलल्यावर सुधारणा आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा घसरण.

आणखी एक मजेशीर खूण आहे. टँकमध्ये व्हॅलिस्नेरिया असेल तर ती जोमात असते आणि बाकीची मंडळी रडत असतात. व्हॅलिस्नेरियाला जड, म्हणजे चुन्याचे क्षार जास्त असलेलं पाणी मानवतं, पाण्यातलं बायकार्बोनेटही ती वापरू शकते. एकच झाड माजतंय आणि उरलेली मान टाकतायत, असं दिसलं की पाणी जड होतंय असं समजायला हरकत नाही.

पाणी हिरवं झालंय, काचेवर तपकिरी लव आहे किंवा टँक लावल्याच्या पहिल्या आठवड्यातच पाणी दुधाळ दिसतंय, तर तो हा प्रकार नाही. पहिल्या आठवड्यातला दुधाळपणा बॅक्टेरियाचा असतो, तो आपोआप बसतो. हिरवं पाणी हे जास्त उजेडाचं आणि जास्त खाण्याचं काम.

मुंबईतच हे जास्त का होतं

आपलं नळाचं पाणी तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा या सात तलावांतून येतं. म्हणजे काळ्या कातळावर पडून साठलेलं पावसाचं पाणी. हा कातळ बेसॉल्ट, तो पाण्यात फारसं काही सोडत नाही. म्हणून हे पाणी हलकं असतं. माझ्या नळाला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ७० ते ९० दाखवतो आणि केएच २-३ डिग्री येतो. (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप.)

हलकं पाणी झाडांना उत्तम, पण ते भुकेलं असतं. हवेतला आणि माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळला की सौम्य आम्ल तयार होतं, आणि ते चुनखडीला खायला लागतं. बोअरवेलचं पाणी आधीच पोट भरलेलं असतं, तिथे हाच दगड वर्षभर निमूट बसून राहतो. त्यामुळे जड पाण्याच्या गावातला माणूस व्हिडिओत "माझ्याकडे काही झालं नाही" म्हणतो, ते खरंच असतं. फक्त त्याच्या नळाचं असतं, आपल्या नाही.

दगड झिजलेला दिसत नाही, हाही एक गोंधळ. हिशोब करा. दोन फुटी टँक, म्हणजे ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर, त्यात वाळू-दगड जाऊन साधारण ४५ लिटर पाणी राहतं. केएच एक डिग्रीने वाढायला दर लिटरमागे सुमारे १७.८ मिलिग्रॅम चुनखडी विरघळावी लागते. ४५ लिटरला झाले जेमतेम ०.८ ग्रॅम. पाच डिग्री चढायला ४ ग्रॅम, म्हणजे चमचाभरही नाही. तीन किलोच्या दगडातून चार ग्रॅम गेले तर डोळ्यांना काय दिसणार?

चुना विरघळला की पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, वर जातो. तो वर गेला की पाण्यातलं लोह झाडांच्या हाती लागेनासं होतं. स्वस्त खतांत लोह ज्या ईडीटीए रूपात असतं, ते पीएच ७ च्या आसपासच साथ सोडायला लागतं. म्हणून नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या. आणि म्हणूनच खत वाढवून उपयोग होत नाही.

पाणी बदलल्यावर बरं का वाटतं, तेही यातच आलं. नवीन हलकं पाणी आलं की जडपणा उतरतो, झाडं सावरतात. पण तेच नवीन, भुकेलं पाणी दगडाला पुन्हा दुप्पट जोराने चावायला लागतं.

आधी फुकटातल्या तपासण्या

दगडावर खापर फोडण्याआधी दुसरी कारणं बाजूला काढायला हवीत. यातल्या एकीलाही पैसा लागत नाही.

झाडं आणून किती दिवस झाले? दुकानात बरीचशी झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्यात आली की जुनी पानं वितळतात आणि पाण्यातली पानं नव्याने येतात. याला दोन ते चार आठवडे लागतात. क्रिप्टोकोरिन तर जागा बदलली तरी रुसते. नवीन पान नीट येत असेल तर जुन्या पानांचा शोक करू नका.

अनुबियास आणि जावा फर्न यांचा जाड आडवा देठ वाळूत पुरलाय का? पुरला की कुजतो. तो वर काढा, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा. हे एवढं केल्यावर प्रश्नच संपला, असे टँक मी पाहिलेत.

लाइट किती तास? बिना-सीओटूच्या टँकला सहा-सात तास पुरतात. दहा-बारा तास ठेवलात तर शेवाळाची चंगळ. आणि एप्रिल-मे असेल तर पाण्यात बोट घालून बघा, किंवा थर्मामीटर लावा. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकचं पाणी सहज ३२ अंशांवर जातं आणि मॉस, क्रिप्टोकोरिन त्यातच अर्धी गारद होतात. झाकण काढून छोटा पंखा पाण्यावर सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. आपल्या दमट हवेत त्याहून जास्त आशा नको.

यापुढची फुकट तपासणी लोक हमखास विसरतात: पाणी नक्की कुठल्या नळाचं भरताय? उपनगरांतल्या कितीतरी सोसायट्यांत फ्लशला बोअरवेलची वेगळी लाइन असते आणि गॅलरीचा किंवा बाथरूममधला एखादा नळ त्याच लाइनवर असतो. बादली भरायला तोच सोयीचा, म्हणून टँकमध्येही तेच पाणी. माझ्या नणंदेकडे मुलुंडला महिनाभर मी दगडावर संशय घेत होते. शेवटी तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, तो नळ पिण्याचा नाही, त्याने माझ्या कुंड्यांवर पांढरं बसतं." विषय तिथेच संपला. सासूबाईंना टँकमधलं काही कळत नाही, पण नळातलं सगळं कळतं.

मे-जूनमध्ये पाणीकपात लागली की टँकर येतात, तेव्हाही वॉचमनला विचारा. टँकरचं पाणी बहुधा विहिरीचं किंवा बोअरचं. सोसायटीच्या टाकीला आतून नवीन सिमेंट लावलं असेल तर काही आठवडे त्याचाही चुना पाण्यात उतरतो. घरच्या आरओ मशिनचं वाया जाणारं पाणी वापरत असाल, तर त्यात मशिनने गाळून बाहेर टाकलेले क्षार जमा झालेले असतात. टँकसाठी ते नको.

दगडाची ओळख पटवा

दुकानदाराने सांगितलेल्या नावावर जाऊ नका. एका दुकानात मला संगमरवराचे गोटे "रिव्हर स्टोन" म्हणून दिले होते, आणि वर "टँकसाठीच आहेत" ही हमी.

घरात, नर्सरीत, बांधकामावर मिळणाऱ्या दगडांपैकी हे चुन्याचे: कडप्पा, शहाबादी फरशी, कोटा, संगमरवर आणि त्याची पांढरी चिप्स, जुन्या इमारतींतला पोरबंदरी दगड. शंख-शिंपले आणि पोवळ्याचे तुकडेही त्यातच. जुहू-गोराईची वाळूसुद्धा, कारण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि मीठ वेगळंच. पोवळं तर किनाऱ्यावर सापडलं तरी उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहे. सेर्यू म्हणून मिळणारा करडा, पांढऱ्या शिरांचा महागडा दगडही चुना सोडतो.

निरुपद्रवी: आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, ग्रॅनाइट, लाव्हा रॉक, ड्रॅगन स्टोन, साधी लाल वीट आणि कुंभाराकडची फुटकी मडकी.

काळ्या पाषाणाच्या बाबतीत एक मेख आहे. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये जुने वायूचे बुडबुडे असतात आणि त्यांत पांढरी खनिजं भरलेली असतात. कुठे झिओलाइट, कुठे गारगोटी, कुठे कॅल्साइट. पहिली दोन निरुपद्रवी, तिसरं चुन्याचं. तेव्हा दगड काळा असला तरी त्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यांची चाचणी वेगळी करायची.

गणपतीच्या मखरातले पांढरे गोटे पुढे टँकमध्ये जातात, हा आमच्याकडचा दर भाद्रपदानंतरचा हंगाम. ते बहुधा संगमरवराचेच असतात, वर चमकेसाठी मेण किंवा रेझिन. पॉलिश असेपर्यंत दोन-तीन महिने काही होत नाही. दिवाळी उलटली की तक्रारी सुरू.

थेंबाची चाचणी

खर्च व्हिनेगरच्या एका बाटलीचा. चायनीजसाठी आणतो तेच पांढरं व्हिनेगर चालतं. केमिस्टकडून सुई नसलेली छोटी सिरिंज घ्या.

दगड टँकबाहेर काढा, घासून धुवा, पूर्ण वाळू द्या. मग खिळ्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने एका कोपऱ्यात खरवडून आतला ताजा भाग उघडा करा. खरवडणं टाळू नका. वरचं शेवाळ, मेण, रेझिन यांनी दगड झाकलेला असतो, आणि झाकलेल्या दगडावर व्हिनेगर सोडून "काहीच झालं नाही" म्हणणारे मला दर महिन्याला एक तरी भेटतात. त्या भुकटीवरच दोन-तीन थेंब सोडा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बुडबुडे येतायत का ते मिनिटभर बघा, मग कान जवळ नेऊन ऐका. बारीक चुरचुर ऐकू आली तरी चुना आहे.

थेंब पडताना हवेचे एक-दोन बुडबुडे होतातच, ते मोजायचे नाहीत. खरे बुडबुडे तळातून सतत येत राहतात. फरक कळत नसेल तर शेजारी अंड्याच्या कवचावर एक थेंब टाका. ते चुन्याचंच असतं, म्हणजे "होय" कसं दिसतं ते कळेल. दुसरा थेंब काचेवर टाका, म्हणजे "नाही" कसं दिसतं तेही.

व्हिनेगर सौम्य असल्याने डोलोमाइटसारखे चुन्याचेच दगड त्याला फारशी दाद देत नाहीत. संशय उरलाच तर हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या टॉयलेट क्लीनरचा एक थेंब टाकता येतो, पण हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, मुलं जवळ नसताना. आणि ब्लीच किंवा ब्लीच असलेला क्लीनर आसपाससुद्धा नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. नंतर दगड भरपूर पाण्याने धुवा. यातलं काहीही टँकमध्ये दगड असताना करायचं नाही.

वाळूचीही हीच चाचणी करा. चमचाभर धुतलेली, वाळवलेली वाळू वाटीत घ्या, व्हिनेगर ओता. दगड निर्दोष आणि वाळूत शिंपले, असं दोनदा माझ्यासमोर निघालंय. टँकमध्ये सिमेंटने केलेली गुहा, पूल वगैरे असेल तर चाचणीचीही गरज नाही, ती काढाच. दगड चिकटवायला सिमेंट नको, जेलवालं सुपरग्लू पुरतं.

दोन बाटल्यांची चाचणी

बुडबुडे आले नाहीत किंवा मन मानत नाही, तर आता दोन-तीनशे रुपये टीडीएस मीटरवर घाला. खताच्या बाटलीपेक्षा ही खरेदी जास्त उपयोगी.

बिसलेरीच्या दोन मोठ्या बाटल्या कापा, किंवा झाकणाच्या दोन बरण्या घ्या. दोन्हींत एकाच बादलीतलं, रात्रभर ठेवलेलं नळाचं पाणी. एकीत दगडाचा तुकडा, दुसरी नुसती. दोन्ही झाका. पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी आकडे लिहा.

दुसरी, नुसत्या पाण्याची बरणी कशाला असं सगळे विचारतात. पाणी उडालं की क्षार मागेच राहतात आणि टीडीएस दगडाशिवायही चढतो. उन्हाळ्यात पंखा लावलेल्या टँकमधून पाणी भराभर उडतं आणि आपण वरून नळाचंच भरत राहतो, म्हणजे क्षार साठतच जातात. तो चढ कुठला आणि दगडाचा चढ कुठला, हे नुसत्या बरणीशिवाय कळणार नाही. झाकणही त्याचसाठी.

नुसती बरणी ८० वर आणि दगडाची १४० वर, तर दगड दोषी. ८० आणि ८५ असेल तर दगडाला सोडा. मात्र मीटरला क्षार कुठला ते कळत नाही. धूळ नीट धुतली नसेल किंवा दगड समुद्रातला असेल तरीही आकडा चढतो. दुकानात थेंब मोजायचं केएच किट मिळतं, त्यात रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, बहुतेक किटांत एक थेंब म्हणजे एक डिग्री. दगडाच्या बरणीत केएच वाढला तर शंका उरत नाही. पण किट महाग आहे. चार शेजाऱ्यांत एक घ्या.

सीओटू लावलेला असेल तर या चाचणीत दिसेल त्यापेक्षा टँकमधला वेग जास्त असणार, हे धरून चाला. सीओटूने पाणी आणखी आम्ल होतं, दगड आणखी विरघळतो. दोष दगडाचा असताना सीओटूचा सेट आणणं म्हणजे आगीला पंखा घालणं.

दगड काढताना

हे काम सर्वांत शेवटी, कारण यात मेहनत आहे आणि मासे दगावण्याची भीतीही. दोष पक्का झाला म्हणून एका रविवारी दगड काढून, सगळं पाणी बदलून मोकळे होऊ नका. महिनोन्महिने जड पाण्यात राहिलेल्या माशाला एकदम हलक्या पाण्यात टाकलं तर तो सहन करत नाही.

दगड काढायला हरकत नाही, पाणी हळूहळू बदला. दर दोन दिवसांनी पाचवा हिस्सा, असं दोन आठवडे. पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं किंवा अँटिक्लोरीन घातलेलं. टीडीएस नळाच्या जवळपास आला की थांबा.

टँक जुना असेल तर फिल्टरसारखेच दगडालाही माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे उपयोगी बॅक्टेरिया चिकटलेले असतात. त्यामुळे त्याच दिवशी फिल्टरचा स्पंज धुऊ नका आणि आठवडाभर खाणं निम्म्यावर आणा. पीएच अजून वर असतानाच अमोनिया वाढला तर वाईट. पीएच ७ चा ८ झाला की त्याच पाण्यातला विषारी अमोनिया जवळजवळ दहापट होतो.

नवीन दगड उकळू नका. आत अडकलेलं पाणी तापून दगड फुटू शकतो. ब्रशने घासा, दोन दिवस बादलीत भिजत ठेवा, बास.

स्वस्त दगड हवा असेल तर बांधकामाच्या साहित्याच्या दुकानात काळी खडी आणि मोठे काळे दगड विचारा. मुंबईत खडी म्हणजे बेसॉल्टच. सिमेंट लागलेला तुकडा मात्र बाजूला काढा. रेल्वे रुळांतली खडीही त्याच जातीची, पण तिथे जाणं धोक्याचं, बेकायदा आणि वर ती तेलकट. नॅशनल पार्कमधून काहीच उचलायचं नाही. माझे आताचे दगड मुरबाडजवळ आत्याच्या शेताच्या बांधावरचे आहेत. दोन पिशव्या घेऊन आले तर आत्या म्हणाली, "लोक तांदूळ नेतात, तू दगड ने."

दगड काढायचाच नसेल तर दुसरा रस्ताही आहे. व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट, जावा फर्न ठेवा, मासे म्हणून गप्पी आणि मॉली. या मंडळींना जड पाणी चालतं, मॉलीला तर आवडतं. एरिओकॉलॉन, टोनिना या हलकं पाणी मागणाऱ्या झाडांचा नाद मात्र सोडा. लालबागच्या एका मुलाने आजोबांनी दिलेला संगमरवराचा तुकडा काढायला साफ नकार दिला. आता त्याच्याकडे चाळीस मॉली आहेत आणि तो सगळ्या चाळीला वाटतो.

इथे हात थांबवा

टँकच्या पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या किंवा झटका बसला, तर हात बाहेर, मेन स्विच बंद, मग प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पंप किंवा लाइटची वायर टेप लावून चालवू नका. टँकच्या बोर्डाला आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

दगड रचताना काचेला तडा गेला, कोपऱ्यातल्या सिलिकॉनमधून ओल दिसली किंवा पुढची काच पूर्वीपेक्षा फुगलेली वाटली, तर वरून सिलिकॉन फासून भागत नाही. पाणी निम्म्याखाली आणा, मासे बादलीत हलवा, टँक बनवणाऱ्याला दाखवा. त्याला जुनं सिलिकॉन काढून नव्याने भरावं लागतं.

तीन-चार फुटी टँक, त्यात दगड, आणि तो बाल्कनीच्या बाहेर काढलेल्या भागावर किंवा जुन्या चाळीच्या लाकडी तक्तपोशीवर ठेवायचा बेत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. चार फुटी टँक पाण्या-दगडासकट पाव टनाच्या घरात जातो. दुकानदाराचं "काही होत नाही मॅडम" इथे चालत नाही.

दोन दिवसांत तीन-चार मासे गेले, उरलेले पृष्ठभागाशी तोंड उघडून श्वास घेतायत, तर तो दगडाचा मंद त्रास नाही. तिसरा हिस्सा पाणी बदला, एअरपंप लावा आणि माशांचं कळणाऱ्या पशुवैद्यांना गाठा. दुकानातलं निळं-पिवळं औषध अंदाजाने ओतू नका.

आणि बादलीतलंच पाणी गढूळ किंवा वासाचं असेल तर टँक राहू द्या बाजूला. शेजारच्यांकडे तसंच येतंय का विचारा. फक्त तुमच्या बिल्डिंगीत असेल तर सेक्रेटरीला टाकी आणि पाइप तपासायला लावा. सगळ्या गल्लीत असेल तर पालिकेच्या १९१६ वर तक्रार नोंदवा आणि तोवर ते पाणी माशांना नको, उकळल्याशिवाय घरच्यांनाही नको.